मालनचं ताट

नर्सबाईनं मालनच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली. कासाबाई शेळ्यांच्या कोंडवाड्याशी पाल्याचा भारा सोडत उभी होती. हात भाऱ्यावर, डोळे ओसरीवर. नर्सबाईनं दुसरी पापणी ओढली, मग मालनची नखं उजेडाला धरून बघितली आणि विचारलं, ही रोज काय खाते?

मालननं मान खाली घातली. उत्तर कासाबाईनंच दिलं. भाकर खाती, कोरड्यास खाती, घरात जे असंल ते समदं खाती, असं सांगून ती मोकळी झाली. त्यातलं निम्मं खोटं होतं आणि ते खोटं आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. 

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवच्या श्रावणातली. कासाबाई तेव्हा पन्नाशीला आलेली. राणीसावरगावच्या अलीकडं दोन कोसांवर एक वाडी आहे, तिथं धनगरांची वीस-पंचवीस घरं, त्यातलं एक तिचं. नवरा येडबा आणि लेक भुजंग मेंढरांमागं असायचे. घर, शेळ्या, दोन एकरांचा तुकडा आणि सून मालन, हे सगळं कासाबाईच्या अंगावर. बाई अंगानं काटक, चालायला झपझप, पण जिवाला घोर लावून घेणारी. वारा सुटला की तिला छपराचा घोर, वारा पडला की पावसाचा. आणि मालनला दुसऱ्यांदा दिवस गेल्यापासून तर तिचा जीव सुपातल्या दाण्यासारखा वर-खाली होत होता.

मालनला ती सकाळी चतकोर आणि दुपारी अर्धी भाकर द्यायची, तीही चटणीशी. शेळ्यांचं दूध फाट्यावरच्या हॉटेलात जायचं, अंडी बाजारात. केळी, अंडी, दूध, डाळ यातलं काही सुनेच्या ताटात पडू नये याची ती डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायची. हे तिनं कद्रूपणानं केलं नव्हतं. पोटुशी बाई पोटभर जेवली की लेकरू आत माजतं आणि बाळंतपणाला अडून बसतं, हे तिनं आईकडून ऐकलं होतं, आणि वाडीत दहाजणींची बाळंतपणं करणाऱ्या दगडाबाईनंही तेच सांगितलं होतं. पण नुसतं ऐकलेलंच नव्हतं. तिची धाकटी बहीण बायनाबाई देवगाव फाट्याकडं दिलेली. नवसासायासानं दिवस गेले म्हणून सासरच्यांनी तिला हातावर झेललं, दूध-तूप खाऊ घातलं. बाळंतपणाला कासाबाईच गेली होती. तीन दिवस बायनाबाई कळा देत राहिली. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि लेकरूही गेलं. लेकरू चांगलं गुबगुबीत होतं. बायकांनी तोंडाला पदर लावून सांगितलं, लय खाल्लं, म्हणून अडलं. कासाबाईनं ते वाक्य तिथून घरी आणलं आणि तीस वर्षं जपून ठेवलं.

मालनच्या पहिल्या खेपेला, दीड वर्षापूर्वी, तिनं ते वाक्य अक्षर न् अक्षर पाळलं होतं. बाळंतपण खरंच सोपं झालं. घटकाभरात लेकरू बाहेर आलं. पण ते लेकरू म्हणजे हाताच्या ओंजळीत मावेल एवढं, सुरकुतलेलं, रडायचंसुद्धा त्याच्या अंगात बळ नव्हतं. मालनला दूध आलं नाही. नऊ दिवसांनी ते लेकरू गेलं. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. दगडाबाई म्हणाली, त्याचं तेवढंच आयुष्य होतं. कासाबाईनं मान हलवली, पण तेव्हापासून ती निम्मं ताट तसंच टाकून उठायची. का, ते तिनं स्वतःलाही कधी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रावर तपासणी होती. नर्सबाईनं निरोपावर निरोप धाडले म्हणून कासाबाई सुनेला घेऊन चालत गेली. मालनच्या बोटाला सुई टोचली, काचेच्या नळीत थेंब घेतला आणि तिथल्या माणसानं कागदावर सात लिहिलं. नर्सबाईनं दोघींना बाहेरच्या लिंबाखाली नेलं.

या नर्सबाईचं नाव सत्यशीला. तिशीची, सावळी, कमी बोलणारी. उपकेंद्राच्या एका खोलीत एकटी राहायची आणि दर मंगळवारी वाडीला चालत यायची. वाडीतल्या लोकांनी तिचं नाव विचारायच्या आधी ती कुठल्या वस्तीतली हे विचारून घेतलं होतं. पिशवीत ती स्वतःची पाण्याची बाटली आणायची. तिनं कधी कुणाकडं पाणी मागितलं नाही, आणि कुणी तिला कधी दिलं नाही. कासाबाईनंही नाही.

लिंबाखाली सत्यशीला म्हणाली, "मावशी, रक्त बाराच्या आसपास पाहिजे, निदान दहा तरी. हिचं सात आहे. बाळंत होताना चार वाट्या रक्त जास्त गेलं, तर मी काही करू शकणार नाही. गंगाखेडला न्यायलाही वेळ मिळणार नाही."

 कासाबाईनं चाचरत विचारलं, मग आता औषध कोणतं? सत्यशीलानं लाल गोळ्यांचं पाकीट दिलं. जेवणानंतर एक घ्यायची, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, आणि शौचाला काळी झाली तरी भ्यायचं नाही. पण गोळ्यांनी अर्धंच काम होईल, असंही ती म्हणाली. उरलेलं ताटातून व्हायला पाहिजे. बाजारातलं काही आणू नका. तुमच्या दारात शेवगा आहे, त्याचा पाला तुम्ही शेळ्यांना टाकता. त्यातलाच मूठभर हिच्या भाजीत घाला. बांधावरचा तांदुळजा, पाथरी, थंडी पडली की करडईची कोवळी पानं. मटकी भिजवून मोड आणा. शेंगदाणे-गूळ द्या. एक दिवसाआड अंडं. शेळीचं पेलाभर दूध. आणि भाकर अर्धी नाही, पोट भरेल तेवढी.

कासाबाई ऐकत होती आणि तिला बायनाबाईचं अंगण दिसत होतं. वाटेनं येताना ती मालनच्या दहा पावलं पुढं चालत राहिली. मागं वळून बघायचा तिला धीर होईना. नाही खाऊ घातलं तर रक्त कमी पडून सून जाणार. खाऊ घातलं तर लेकरू अडून जाणार. कुठूनही बघितलं तरी शेवटी हात तिचाच होता.

त्या दिवशी तिनं शेवग्याची एक फांदी तोडली. शेळ्या धावत आल्या. त्यांना हाकलून तिनं मूठभर पानं ओरबाडली, धुतली आणि डाळीच्या पाण्यात शिजवली. तिनं ते मालनला वाढलं. मालननं काही न विचारता खाल्लं, ताट पुसून खाल्लं. तिच्याकडं बघताना कासाबाईला एकदम जाणवलं की या पोरीला भूक असते. दोन वर्षं एका चुलीवर जेवत होत्या, पण हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

चार-सहा दिवस असं चाललं. मग दगडाबाई ताक मागायला आली आणि तिनं मालनच्या ताटातली मटकी बघितली. ती रागावली नाही, नुसती म्हणाली, "कासे, तुझ्या बहिणीचं इसरलीस का?" एवढं बोलून ताक घेऊन गेली. त्या दिवसापासून मालनचं ताट पुन्हा पहिल्यासारखं झालं. चतकोर, अर्धी, चटणी. 

भाद्रपदात, गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटे, जमीन हलली. किल्लारीकडं माणसं ढिगाऱ्याखाली गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि वाडीतली माणसं घरात जायला भिऊ लागली. चुली अंगणात आल्या, निजणं अंगणात आलं. कासाबाई मालनला छपराखाली बसू देईना. पण जे व्हायचं ते उघड्यावरच झालं. एका सकाळी मालन हापशावर पाणी भरायला गेली, दोन-चारदा दांडा मारला आणि तिथंच कोसळली. घागर गडगडत गेली. बायकांनी तिला उचलून आणलं तेव्हा तिचे ओठ चुलीतल्या राखेसारखे झाले होते. मंगळवार असल्यानं सत्यशीला वाडीतच होती. ती पळत आली. तिनं पोटाला नळी लावून लेकराचे ठोके ऐकले, ते चालू होते. मग तिनं कासाबाईकडं बघितलं आणि फक्त एवढं विचारलं, पाला बंद केला का?

कासाबाईनं या वेळी खोटं सांगितलं नाही. बहिणीचं सगळं सांगून टाकलं. सत्यशीला ऐकत राहिली. ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला शपथेवर सांगू शकत नाही की काहीच होणार नाही. पण उपाशी ठेवून काय होतं, ते तुम्ही एकदा बघितलंय."

ते बोलणं कासाबाईला लागलं. दोन दिवस तिनं नर्सबाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा शेवग्याची फांदी तोडली. पण मनातली भीती गेली नव्हती, ती एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसायची एवढंच.

दसरा झाला आणि येडबा-भुजंग मेंढरं घेऊन गंगाखेडच्या बाजूला, नदीकाठच्या रानात खतासाठी बसवायला गेले. दिवाळीला दोघांनाही एकदम घरी येता येत नव्हतं. भुजंग मेंढरांपाशी राहिला आणि येडबा दोन दिवसांसाठी आला. येडबा मुळातच अबोल. सकाळी तो अंगणात लोकर पिंजत बसला होता, कासाबाई समोर मटकी निवडत होती. तिनं त्याला विचारलं, गाभण मेंढीला तुमी व्यायच्या आधी पेंड घालता, कुळीथ घालता, मग तिचं पिल्लू माजून अडत न्हाई का?

येडबानं पिंजणं थांबवलं. असा प्रश्न बायकोनं का विचारावा हे त्याला कळलं नसावं, पण मेंढरांचं विचारलं म्हणजे त्याच्या घरचंच विचारलं. तो म्हणाला, "चाळीस वर्सं मेंढरं व्याताना बसलोय मी. अडलेली पिल्लं ह्या हातानं वढून काढली. आडवं आलेलं अडतं. पाय म्होरं आलेलं अडतं. पोसलेलं अडलं असं मला न्हाई आठवत. उलट उपाशी मेंढीच कळ द्यायच्या टायमाला बसकण मारती."

कासाबाईचा हात मटकीत तसाच राहिला. तीस वर्षांत जे तिनं कधी डोळ्यांसमोर येऊ दिलं नव्हतं, ते एकाएकी आलं. बायनाबाईच्या लेकराचा आधी हात बाहेर आला होता. इवलासा, निळा पडलेला हात. डोकं नव्हे. म्हाताऱ्या सुईणीनं तो परत आत ढकलायचा प्रयत्न केला होता. कासाबाई कंदील धरून तिथंच उभी होती, तिनं स्वतः बघितलं होतं. लेकरू आडवं होतं. दूध-तुपाचा त्यात काही संबंध नव्हता.

ती मटकी निवडायचं सूप घेऊन उठली आणि घराच्या मागं गेली. तिथं कोंडवाड्याच्या कुडाला टेकून बराच वेळ बसली. एखाद्याला यानं हायसं वाटलं असतं. तिला वाटलं नाही. बहिणीला खाण्यानं मारलं नसेल, तर मग आपला नातू कशानं गेला, हा प्रश्न आता तिच्यासमोर उघडा पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधायला कुठं जायची गरज नव्हती.

येडबा परत गेला. कासाबाईनं दोन कोंबड्यांची अंडी बाजारात धाडणं बंद केलं. एक दिवसाआड एक अंडं उकडून ती मालनला द्यायची, सकाळी पेलाभर दूध तापवून द्यायची आणि समोर बसून पिईपर्यंत हलायची नाही. पण कार्तिकात एक दिवस तिला वैरणीच्या मागं, कुडाच्या सांदीत, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. सोडून बघते तर लाल गोळ्या. महिनाभराच्या तरी असतील. आणि त्यांच्याबरोबर दोन सोललेली, वाळून कडक झालेली अंडी.

 मालन शेळ्यांखालचं शेण काढत होती. कासाबाईनं फडकं तिच्यासमोर धरलं आणि जमेल तेवढ्या शांतपणानं विचारलं, हे कामून ठेवलंस?

 हातातली पाटी खाली ठेवून मालन तिथंच बसली. "आत्या, मला भ्याव वाटायलंय," ती म्हणाली. "मागच्या बारीला मी चोरून खाल्लं होतं. निंदायला जायचे तवा भूक लय लागायची. शेंगा उपटून कच्च्याच खायचे. तुमी नको म्हणला होतात आन् मी रोज खाल्ल्या. म्हनून लेकरू गेलं माझं. आता तुमी आपल्या हातानं द्यायलाव, पर घशाखाली उतरत न्हाई."

 दीड वर्षं ही पोर हे पोटात घेऊन वावरत होती. त्याच घरात, त्याच चुलीशी, तिच्यापासून चार हातांवर. ती मालनच्या शेजारी शेणातच बसली.

"मालन, त्या शेंगा तू खाल्ल्यास म्हनून ते लेकरू नऊ दिवस तरी जगलं," ती म्हणाली. "त्याला उपाशी मी ठिवलं. तुला बी मीच ठिवलं. तुझी चूक न्हाई त्यात. माझी हाय."

मालन रडली नाही. ती सासूच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू हे बोलणं खरं आहे की कसं, हे तिला पारखून घ्यायचं होतं. मग तिनं त्या फडक्यातली एक गोळी उचलली, आत गेली, लिंबू पिळलं आणि पाण्याबरोबर गिळली. तिनं सासूला माफ केलं की नाही, हे कासाबाईला त्या दिवशी कळलं नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही.

पुढचे दोन महिने मालन खात गेली. रानात करडई वीतभर झाली तेव्हा कासाबाई कोवळी पानं खुडून आणायची, लसूण घालून परतायची. हरभऱ्याचा शेंडा, तुरीचे ओले दाणे, तीळ-गूळ, बोरं, कुणाच्या मळ्यात पेरू पिकले की पेरू. मार्गशीर्षात पुन्हा रक्त तपासलं तेव्हा साडेनऊ निघालं. सत्यशीला म्हणाली, अजून थोडं वाढेल. मालनच्या गालांवर रंग आला, चालताना ती आता मधेच भिंत धरत नव्हती.

पण पोटही वाढत होतं. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात दिसलं नव्हतं एवढं ते आता दिसत होतं. मालन दुपारी आडवी झाली की कासाबाई हळूच तिच्या पोटावर वीत ठेवायची. आठवड्याला किती वाढलं ते मनाशी धरायची, आणि वीत पुरेनाशी झाली त्या दिवशी तिचं जेवणावरचं मन उडालं. डोक्यानं तिला येडबाचं बोलणं पटलं होतं. हातापायांना अजून पटलं नव्हतं. दगडाबाई वाटेत भेटली की ती वाट बदलायची.

संक्रांतीला भुजंग घरी आला. त्याच दिवशी रेडिओवर विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या बंद झाल्या. पारावर माणसं गटागटानं बसू लागली, आवाज खाली घेऊन बोलू लागली. अठ्ठ्याहत्तर साली याच नावावरून काय काय जळालं होतं, ते सगळ्यांच्या आठवणीत होतं. सत्यशीलाच्या मामाचं घरही त्यात गेलं होतं, हे कासाबाईला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. कासाबाईला नाव बदललं काय आणि न बदललं काय, दोन्हींतलं फारसं कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की गंगाखेडला जायला गाडी नाही, आणि या दिवसांत ती बाई एकटी खोलीबाहेर पडणार नाही.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, शेळ्या पिळायच्या वेळेला, मालनला कळा सुरू झाल्या.

कासाबाईनं भुजंगला उपकेंद्राकडं पिटाळलं आणि दगडाबाईला बोलावून आणलं. दगडाबाईनं मालनचं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "लेकरू मोठं हाय," ती म्हणाली.

 कासाबाईनं दाराची चौकट धरली आणि विचारलं, "आडवं हाय का उभं?"

दगडाबाईनं तिच्याकडं नवलानं बघितलं. पुन्हा दोन्ही हातांनी पोट दाबून बघितलं. डोकं खाली हाय, असं ती म्हणाली. कासाबाईनं तेच पुन्हा विचारलं, आणि दगडाबाईनं तेच पुन्हा सांगितलं.

ऊन वर चढलं. मालन घामानं भिजली होती, पण कळ आली की तिच्या अंगात जोर होता. पहिल्या खेपेला ती नुसती कण्हत पडली होती, आता ती आढ्याला बांधलेला दोर घट्ट धरत होती. दोन कळांच्या मधे कासाबाईनं तिला गुळाचं पाणी पाजलं. दगडाबाई नको म्हणाली, तरी पाजलं. आणि दर घटकेला बाहेर येऊन वाटेकडं बघितलं. वाट रिकामी होती.

दुपारी सत्यशीला आली ती वाटेनं नाही, तुरीच्या रानातून. साडीला कुसळं चिकटलेली, पायाला ओरखडा. भुजंगच्या खांद्याला तिची पिशवी होती. फाट्यावर माणसं बसली होती म्हणून आम्ही रानातून आलो, एवढंच ती म्हणाली. हात धुवायला कासाबाईनं तिच्या हातावर स्वतः घागरीतलं पाणी ओतलं.

आणखी तासाभरानं लेकरू झालं. आधी डोकं आलं, मग खांदे, मग सगळं लेकरू एकदम, आणि त्यानं असा टाहो फोडला की कोंडवाड्यातल्या शेळ्या ओरडायला लागल्या. मुलगी होती. पण कासाबाईचं लक्ष मुलीकडं नव्हतं, ती मालनच्या खालच्या कापडाकडं बघत होती. कापड भिजत होतं, तिनं दुसरं दिलं, तेही भिजलं. सत्यशीलानं सुई टोचली, एका हातानं मालनचं पोट चोळत राहिली, आणि तिच्या कपाळावर घाम दिसू लागला.  तिसरं कापड अर्धंच भिजलं. चौथं कोरडं राहिलं. सत्यशीलानं मालनची पापणी ओढून बघितली आणि श्वास सोडला. रक्त सातच असतं तर, एवढं म्हणून ती थांबली. पुढचं तिनं बोलून दाखवलं नाही.

मग तिनं लेकराला फडक्यात घालून काट्याला टांगलं आणि दोन किलो आठशे असं सांगितलं. कासाबाईनं घाबरून विचारलं, लय झालं का? तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली. अगदी बरोबर आहे, म्हणाली.

दगडाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, तिनं मुलीच्या पायांवरून हात फिरवला आणि म्हणाली, मांड्या भरल्यात पोरीच्या. एवढं म्हणून ती घरी गेली.

सत्यशीलानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे कासाबाईच्या लक्षात आलं तेव्हा दिवस कलायला लागला होता. तिनं घरातल्याच ताटात बाजरीची भाकर आणि करडईची भाजी वाढली आणि ताट तिच्यासमोर ठेवलं. दारातून दोन बायका डोकावत होत्या. उद्या वाडीत काय बोलणं होईल, हे कासाबाईला दिसत होतं. सत्यशीलानं एकदा त्या बायकांकडं आणि एकदा ताटाकडं बघितलं, आणि ती जेवायला बसली. दोन भाकरी खाल्ल्या. मग भुजंग आणि त्याचा चुलता काठ्या घेऊन तिला रानाच्या वाटेनं सोडायला गेले. ते दोघं परत येईपर्यंत कासाबाई अंगणातून हलली नाही. व्यवस्थित पोचल्या, असं भुजंगनं सांगितलं, तेव्हा ती आत जाऊन नातीजवळ बसली.

त्या बायका वाडीत बोलायच्या ते बोलल्याच. दोन महिने कासाबाईच्या घरचं ताक कुणी नेलं नाही. मग उन्हाळा आला, लोकांच्या शेळ्या आटल्या, कासाबाईच्या दोन अजून दूध देत होत्या, आणि ताक न्यायला पुन्हा लोक येऊ लागले.

त्यातली कडूबाई एकदा ताकाला येताना सुनेला घेऊन आली. सून पाच महिन्यांची पोटुशी, चेहरा पांढराफटक. मालनला काय काय खाऊ घातलंस, असं कडूबाईनं विचारलं.  हिला काही झालं तर वाडी आपल्यालाच धरेल, हे कासाबाईला कळत होतं. तिनं मालनकडं बघितलं. मालन मुलीला पाजत होती. ती म्हणाली, "सांगा की, आत्या."

कासाबाईनं सांगितलं. सांगून तिचं भागलं नाही. दुसऱ्या दिवशी पालेभाजीची जुडी घेऊन ती कडूबाईच्या दारात उभी राहिली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पुढं पुढं कडूबाई तिला बघून वैतागायची, घरात अन्न नाही असं वाटतं का तुला, असं विचारायची. कासाबाई काही उत्तर द्यायची नाही. ती उंबऱ्यावर बसायची आणि ती सून जेवून उठेपर्यंत तिथून हलायची नाही.